रिकामी गाडी घुमते तेव्हा: वॉरंटीतल्या एका पिकअपचं प्रकरण

पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून संध्याकाळी टोमॅटो भरायचे, रात्री कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशीला क्रेट उतरवायचे आणि दुपारपर्यंत घरी. हंगामात आठवड्याला पाच फेऱ्या. गाडी चालवणाराच गाडीचा मालक, आणि हप्ताही त्याच्याच नावावर. दिवाळीनंतरच्या सोमवारी तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, क्लचचं काम झाल्यापासून गाडी घुमते. भरलेली असली की कमी, रिकामी आणताना जास्त. साठच्या आसपास तर पायाला मुंग्या येतात."

त्याच्या या तीन वाक्यांत जवळजवळ सगळं निदान होतं. आधीच्या तीन भेटींतही त्याने हेच सांगितलं होतं, अशी त्याची शपथ आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण तिन्ही जॉबकार्डांवर तक्रारीच्या रकान्यात एवढंच होतं: "गाडीत व्हायब्रेशन, चेक करणे." क्लचचा उल्लेख नाही, रिकामी-भरलेली नाही, वेग नाही, मुंग्याही नाहीत.

मी ज्या अधिकृत वर्कशॉपमध्ये टेक्निकल सुपरवायझर आहे तिथलंच हे प्रकरण आहे. चूक आमच्याकडे झाली होती आणि ती सापडायला आम्हाला जवळपास तीन महिने लागले. गाडी वॉरंटीत होती: तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. माझ्यासमोर आली तेव्हा मीटरवर ५२ हजार होते.

आधी काय काय झालं होतं

ऑगस्टमध्ये, ३१ हजारांवर, क्लचच्या रिलीज बेअरिंगचा आवाज आला म्हणून आम्ही गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग बदललं. काम वॉरंटीत झालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी थरथरीची पहिली तक्रार. आम्ही चाकांचं बॅलन्सिंग केलं, चाकं आलटून-पालटून लावली आणि त्याचे ८५० रुपये घेतले, कारण बॅलन्सिंग वॉरंटीत बसत नाही. फरक पडला नाही. सप्टेंबरच्या शेवटी दुसरी भेट. गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं दिसलं, ते वॉरंटीत बदललं. आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

तिसऱ्या भेटीत आमच्या एका हुशार पोराने मोबाइलमधल्या कंपनं मोजणाऱ्या ॲपने मोजमाप घेतलं, शाफ्टचं बॅलन्स गेलंय असा निष्कर्ष काढला आणि अख्ख्या शाफ्टचा क्लेम टाकला. क्लेमसोबत फोटो जातात. त्या फोटोत मागच्या कमानीला, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगला, एक जादा पाटा टाकलेला दिसत होता. कंपनीच्या वॉरंटी विभागाने दोन ओळींत क्लेम नाकारला: वाहनात बदल केलेला आहे, सबब दावा अमान्य. आमच्या काउंटरवरून मालकाला सांगण्यात आलं, "तुम्ही पाटा टाकला म्हणून गाडी थरथरते. पाटा काढा, मग बघू."

पाटा त्याने टाकला होता हे खरं. आधीच्या भेटींत त्याने ते सांगितलं नव्हतं, तेही खरं. विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "वॉरंटी जाईल म्हणून बोललो नाही साहेब. पण घुमणं पाट्याच्या आधीचं आहे."

आधीचं आहे, हे सिद्ध कसं करायचं? क्लचचं काम पोळ्याच्या आदल्या आठवड्यातलं, पाटा पोळ्यानंतरचा. मध्ये जेमतेम सहा दिवस. कमान-पाट्याच्या दुकानाची पावती त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली. मग मी त्याच्या मोबाइलमधले फास्टॅगचे मेसेज बघितले. त्या सहा दिवसांत त्याची वाशीची एकच फेरी झाली होती. पाटा टाकण्याच्या तीन दिवस आधीची. त्याच फेरीत परत येताना, आसनगावपासून गाडी घुमायला लागली, असं त्याचं म्हणणं. मेसेजवरून घुमणं सिद्ध होत नाही, पण त्याची आठवण तारखांशी जुळते एवढं कळलं. मला तेवढं पुरेसं होतं. निदान करणाऱ्याने गिऱ्हाइकाचा शब्द खरा धरून सुरुवात करावी आणि मग तो तपासावा. आम्ही तीन महिने उलट करत होतो.

थरथर, धडधड आणि घुमणं

ट्रायल मी स्वतः मारली, तो शेजारी. ओझरच्या पुढे महामार्ग सरळ आणि सपाट आहे. पन्नासपर्यंत काही नाही. पंचावन्नला फरशीतून बारीक लहर, साठला कानात दाब येईल असं "घूं", सत्तरच्या पुढे पुन्हा कमी. स्टिअरिंग शांत. सीट आणि फरशी मात्र बोलत होती.

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भाषेने निदानाचं निम्मं काम करून ठेवलेलं आहे आणि जॉबकार्ड लिहिताना आपण ते फेकून देतो. चाकाचा बॅलन्स गेला तर चाक फिरतं त्या गतीने गाडी हलते. या पिकअपला साठच्या वेगात ते सेकंदाला आठाच्या आसपास. माणूस त्याला "धडधड" किंवा "डुगडुग" म्हणतो, कारण ठोके जवळजवळ मोजता येतात. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट गतीने फिरतो. तो वाकला किंवा त्याचा बॅलन्स गेला तर सेकंदाला बत्तीसच्या आसपास कंपनं होतात आणि आरशातलं चित्र विस्कटतं. ही "थरथर". आणि क्रॉसच्या जॉइंटांचा, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांचा, दोष असेल तर शाफ्टच्या एका फेरीत दोन झटके, म्हणजे सेकंदाला चौसष्ट. ते हलणं म्हणून जाणवतच नाही. कानात घुमतं, पायाला मुंग्या येतात. मालक पहिल्या दिवसापासून "मुंग्या" म्हणत होता. आम्ही "व्हायब्रेशन" लिहिलं आणि चाकं बॅलन्स केली.

हे आकडे अंदाजाने सांगत नाही. टायरवर खडूची खूण केली, गाडी एक फेरी पुढे ढकलली आणि टेपने मोजलं: २.१५ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर, म्हणजे चाकाच्या ७.७५ फेऱ्या. मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राऊनला, ४१ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०, म्हणून शाफ्टच्या फेऱ्या ४.१ पट: ३१.८. दुप्पट ६३.६. वेग नेहमी जीपीएसवरचा घ्यावा, स्पीडोमीटर थोडा चढाच दाखवतो.

आता एक अडचण. चौथा गिअर या गाडीत सरळ आहे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये साठला इंजिनाचे ठोकेही सेकंदाला ६३.६ च. दोष शाफ्टचा की इंजिनाच्या माउंटिंगचा, हे चौथ्या गिअरमध्ये कोणीही सांगू शकणार नाही, कितीही महागडं यंत्र आणा. म्हणून त्याच साठला पाचवा टाकला. इंजिन १९०७ फेऱ्यांवरून १५२५ वर उतरलं, स्फोट सेकंदाला ५१ झाले. घुमण्याचा सूर जराही बदलला नाही. मग रस्ता मोकळा बघून, इंजिन चालू ठेवून, गिअर न्यूट्रलला आणला. घुमणं मंदावलं, पण गेलं नाही आणि सूर तोच राहिला. उभ्या गाडीत इंजिन १९०० वर धरलं तर काहीच नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सच्या आतले भाग एवढ्यात सुटले. उरला शाफ्ट आणि त्याच्या मागचं.

मोबाइलने कसं फसवलं

मग आमच्या पोराला बॅलन्सचा दोष का वाटला? त्याच्या मोजमापात साठला ३६ चा आकडा आला होता. शाफ्टची गती ३२. "जवळच आहे की सर," तो म्हणाला. चारचा फरक त्याने वेगाच्या चुकीत धरला.

मी त्याचे जुने आलेख उघडून बसलो. पंचावन्नला ४२, साठला ३६, पासष्टला ३१. गाडीचा वेग वाढतोय आणि कंपनांची संख्या कमी होतेय! चाकाला, शाफ्टला, कशालाही जोडलेला दोष असा वागूच शकत नाही. हे बघून मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी दाढी करताना उलगडा झाला.

त्याचा मोबाइल सेकंदाला १०० वेळा मोजतो. सेकंदाला १०० वेळा मोजणाऱ्या यंत्राला ५० पर्यंतचीच कंपनं खरी दाखवता येतात. त्यावरची कंपनं आरशात पडल्यासारखी उलटी खाली येतात. ६४ ची ३६ होतात, ६९ ची ३१, ५८ ची ४२. जुन्या चित्रपटात धावत्या टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तेच हे. खरी कंपनं ५८, ६४, ६९ अशी वेगाबरोबर नीट चढत होती आणि ती शाफ्टच्या बरोबर दुप्पट होती. दुसऱ्या दिवशी सेकंदाला ४०० वेळा मोजणारं यंत्र आणलं. सीटच्या पट्टीजवळ फरशीला चिकटवून साठला ट्रायल मारली. आलेखात ६३.५ वर उंच एकच शेंडा उभा राहिला. ३२ वर नावाला टेकडी. बॅलन्स ठीक होता.

पोराला मी बोललो नाही. त्याने निदान मोजलं तरी होतं. त्याच्या आधीच्या दोन भेटींत तर कोणीच काही मोजलं नव्हतं.

खाली झोपून बघितलं

शाफ्टच्या दुप्पट म्हणजे क्रॉस. क्रॉसच्या जॉइंटाला एक जन्मजात खोड आहे. दोन शाफ्ट एका रेषेत नसले की अलीकडचा एकसारखा फिरला तरी पलीकडचा एका फेरीत दोनदा जरा पळतो आणि दोनदा जरा रेंगाळतो. कोन जितका मोठा तितकं हे जास्त, आणि ते वर्गाने वाढतं: कोन दुप्पट केला तर पळणं-रेंगाळणं चौपट. उपायही जुनाच आहे. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस द्यायचे, दोघांचे कोन सारखे ठेवायचे आणि दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे फाटे) एकाच पातळीत ठेवायचे. मग पहिला जे बिघडवतो ते दुसरा सरळ करतो. जात्यावर दोघी दळायला बसल्या की एकीने ओढताना दुसरीने ढकलायचं असतं. हाताचा मेळ चुकला तर जातं अडखळतं. क्रॉसचंही तसंच.

या पिकअपचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. मधे सेंटर बेअरिंग, त्याच्या मागे मागचा शाफ्ट, आणि त्या शाफ्टमध्येच खाचांवर सरकणारा स्लिप जॉइंट. गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट खाली काढावा लागतो. काढताना हेल्परने एकच टोक धरलं तर स्लिप जॉइंट निसटतो आणि दोन तुकडे वेगळे होतात. परत घालताना कुठल्या खाचेत घालायचा याच्या खुणा कारखान्यातून येतात. पण एका पावसाळ्यात कसाऱ्याचा चिखल खाल्लेल्या शाफ्टवर खूण शोधायला तारेचा ब्रश घ्यावा लागतो. काही शाफ्टना एक खाच मुद्दाम बुजवलेली असते, ते चुकीचे बसतच नाहीत. या शाफ्टला तशी सोय नव्हती. सोळा खाचा, सगळ्या सारख्या.

गाडी पिटवर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर, घेतली. लिफ्टवर नाही. लिफ्टवर चाकं लोंबतात, कमान सैल पडते आणि शाफ्टचे सगळे कोन खोटे होतात. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनाने बसलेली हवी. खाली उतरून मी मागच्या शाफ्टच्या पुढच्या टोकाचे कान आडवे येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवला. मग मागे सरकून मागच्या टोकाचे कान बघितले. ते तिरपे होते. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले: साडेबावीस अंश. एक खाच.

ब्रशने घासल्यावर दोन्ही खुणाही निघाल्या, एकमेकींपासून एका खाचेच्या अंतरावर.

ऑगस्टच्या जॉबकार्डावर काम करणाऱ्याची सही होती. सही कोणाची हे इथे महत्त्वाचं नाही. त्या दिवशी त्याच्याकडे तीन गाड्या होत्या आणि काम झाल्यावरची ट्रायल वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यावर झाली होती. तिथे चाळीसच्या वर गाडी जातच नाही.

मग पाट्याचं काय?

इथे शाफ्ट एक खाच फिरवून गाडी देऊन टाकता आली असती. चाळीस मिनिटांचं काम. पण मालकाला "तुमच्या पाट्यामुळे" असं आमच्याच काउंटरवरून सांगितलेलं होतं आणि कंपनीने तेच लिहून दिलं होतं. खाच फिरवून घुमणं गेलं असतं तरी पाट्याचा वाटा किती, हे कोणालाच कळलं नसतं. मला ते मोजून हवं होतं.

कोन मोजले. जादा पाट्यासह, रिकाम्या गाडीत, मागच्या शाफ्टचे दोन्ही जॉइंट साडेपाच अंशांवर होते. दोन्ही सारखे, म्हणजे पाट्याने पिनियन वाकडा केलेला नव्हता, फक्त गाडी मागून उचलली होती. मग मालकाला विनवून, आमच्या खर्चाने, पाटा काढला. कोन ३.९ झाला. पिंपळगावच्या मार्केटच्या आवारात जाऊन तेराशे किलो माल भरलेल्या गाडीचाही कोन मोजला, पाट्यासह: २.३.

या आकड्यांचा वर्ग करून बघा. पाट्याशिवाय जेवढा दोष जाणवेल त्याच्या दुप्पट पाट्यासह जाणवणार. आणि भरलेल्या गाडीत तो रिकाम्या गाडीच्या सहाव्या हिश्श्याइतका उरणार. "रिकामी आणताना जास्त" या वाक्याचा हिशोब इथे लागला. काउंटरवरचे लोक त्याला "लोड जास्त भरता म्हणून" असं समजावत होते. ते नेमकं उलटं होतं.

त्यानंतर चार ट्रायल मारल्या. तोच रस्ता, तेवढेच साठ, टायरची हवा तीच, यंत्र तिथेच. खाच चुकीची आणि पाटा असताना ६३.५ चा शेंडा ०.११ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतका धक्का). खाच चुकीची, पाटा काढलेला: ०.०६. खाच बरोबर, पाटा असताना: ०.०२. खाच बरोबर, पाटाही नाही: ०.०१५. शेवटी मी शाफ्ट पुन्हा मुद्दाम चुकीच्या खाचेत घातला आणि पाचवी ट्रायल मारली. घुमणं परत आलं. आमच्या फोरमनला हा वेळेचा अपव्यय वाटला. मला नाही वाटत. काढल्यावर दोष जातो, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, काढता-घालताना दुसरंच काहीतरी घट्ट झालेलं असू शकतं. परत घातल्यावर दोष परत आला, तर कारण हातात आलं असं मी मानतो.

म्हणजे पाटा निर्दोष नव्हता. त्याने आमची चूक दुप्पट मोठी करून दाखवली. पण एकट्या पाट्याने ०.०१५ चं ०.०२ होतं, आणि तेवढ्या फरकाने कोणाच्या पायाला मुंग्या येत नाहीत.

सेंटर बेअरिंगचं रबरही आता समजलं. ते कारण नव्हतंच, तो परिणाम होता. सेकंदाला चौसष्ट झटके खाऊन ते फाटलं. नवं रबर कडक असतं म्हणून काही दिवस बरं वाटलं. पिनियनकडचा क्रॉस उघडला तर त्याच्या पायांवर सुई-बेअरिंगचे उभे ठसे उमटलेले. वीस हजार किलोमीटर तो हे सोसत होता.

पैसे कोणी भरायचे

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट इथे आहे. वॉरंटीच्या क्लेमला पार्ट नंबर लागतो. कुठला पार्ट खराब झाला, त्याचा फोटो, तो बदलायला लागणारे ठरलेले तास, एवढ्यावर पैसे मिळतात. आमच्या शाफ्टमध्ये घुमण्याचं मूळ कारण म्हणून दाखवता येईल असा एकही खराब पार्ट नव्हता. तो फक्त एक खाच फिरलेला होता, आणि "एक खाच फिरवणे" याला पार्ट नंबर नाही. दोन दिवस मोजमाप केलं, त्यालाही नाही. म्हणून जो तो बदलता येईल असा पार्ट शोधतो. चाकं झाली, बेअरिंग झालं, शाफ्ट झाला असता, पुढची पाळी क्राऊन-पिनियनची होती. गंमत म्हणजे नवा शाफ्ट मंजूर झाला असता तर तो कारखान्यातून बरोबर खाचेत जोडूनच आला असता, घुमणं गेलं असतं, आणि "शाफ्टचं बॅलन्स गेलं होतं" हे आमच्या सगळ्यांच्या डोक्यात कायमचं बसलं असतं. पुढच्या क्लचच्या गाडीला आम्ही पुन्हा शाफ्ट मागितला असता.

नाकारलेला क्लेम मी कंपनीकडे परत पाठवला नाही. दोष कारखान्याचा नव्हता. बिल वर्कशॉपच्या खात्यावर टाका, असं मी मॅनेजरना लिहून दिलं: क्रॉसचं किट, दुसऱ्यांदा सेंटर बेअरिंग, सगळी मजुरी, आणि बॅलन्सिंगचे ८५० रुपये परत. त्यांची काळजी वेगळी होती. चूक लिहून दिली तर उद्या हा माणूस ग्राहक आयोगात तोच कागद दाखवेल. मी म्हटलं, दाखवू दे, त्यात लिहिलेलं खरं आहे. दोन दिवसांनी त्यांनी सही केली.

आयोगाचा विषय निघाला म्हणून एक सांगायला हवं, कारण कित्येक पिकअपवाल्यांना काउंटरवर "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही" असं ऐकवलं जातं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलेली आहे हे खरं. पण त्याच कलमात स्पष्टीकरण आहे: स्वतःच्या स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली असेल, तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. स्वतःची एक गाडी स्वतः चालवून हप्ता फेडणारा माणूस या स्पष्टीकरणात बसतो. हेल्पलाइनचा नंबर १९१५. मालकाला मी हे समोर बसवून सांगितलं आणि मोजमापांचे कागद दिले. आलेख, कोन, खुणांचे फोटो, सगळं. तो आयोगात गेला नाही. त्याच्या बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे आम्ही दिले नाहीत, द्यायला हवे होते असं मला आजही वाटतं.

पाट्याचं मात्र आमचं जमलं नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं: जादा पाट्याने गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त वाकणं दिसेनासं होतं. वजन मागच्या ॲक्सलच्या हौसिंगवर, बेअरिंगवर, ब्रेकवर तेवढंच येतं, आणि कमान किंवा हौसिंग तुटली तर तो क्लेम मला पाठवताही येणार नाही. तो म्हणाला, "साहेब, भाव पडला की क्रेट वाढवावेच लागतात." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटा त्याने परत बसवून घेतला.

वर्कशॉपमध्ये दोन बदल केले. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारायची, ती मारल्याचा फोटो जॉबकार्डला लावायचा. आणि तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाइकाचं वाक्य त्याच्या शब्दांत लिहायचं, "घुमतं" म्हणाला तर "घुमतं". दुसऱ्या गोष्टीला अजून विरोध आहे, कारण कॉम्प्युटरमध्ये तक्रारींची तयार यादी आहे आणि तिच्यात "मुंग्या" नाहीत.

फेब्रुवारीत द्राक्षाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर गाडी सर्व्हिसला आली, ६६ हजारांवर. पांढरी रेघ सलग होती. क्रॉस उघडायचं कारण नव्हतं. ओझरपर्यंत ट्रायल मारली, शेंडा ०.०२ च्या आतच. पाटा तसाच होता. जॉबकार्डवर तशी नोंद करून त्याची सही घेतली आणि खाली रिकाम्या गाडीचा कोन लिहिला: ५.४.